प्रशासकांचे कोल्हापूर

१५ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर महापालिकेसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाले होते. म्हणजे सत्तावीस वर्षांचा एखादा तरुण आपल्या शहराच्या कारभाऱ्यांसाठी त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मत देत होता. तोवर लोकसभा आणि विधानसभा यांच्या दोन-दोन निवडणुका त्याच्या पदरी जमा झाल्या होत्या. २०१५ साली निवडून आलेल्या ८१ नगरसेवकांची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली, आणि त्यानंतरची पाच वर्षे दोन महिने शहराचा कारभार शासननियुक्त प्रशासकांनी पाहिला. एका निर्वाचित सभागृहाचे संपूर्ण आयुष्य असते, त्याहून ही मुदत मोठी आहे.

या दीर्घ खंडाची हकिगत साधारणपणे न्यायालयीन तारखांच्या भाषेत सांगितली जाते : अमुक याचिका, तमुक स्थगिती, प्रभागरचना, आरक्षणाची सोडत. ती हकिगत खोटी नाही. परंतु ती ऐकताना असा समज होतो की, निर्वाचित कारभार ही या शहराची नित्याची अवस्था असून प्रशासक हा मध्येच उद्भवलेला अपवाद आहे. कोल्हापूरच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांकडे पाहिले, तर आम्हाला हे इतके सरळ वाटत नाही. नेमलेला कारभारी हा येथील जुना रहिवासी आहे. निवडून आलेला माणूस त्याच्या मानाने बराच उशिरा आला, आणि त्याला प्रत्येक वेळी जागा मागून घ्यावी लागली.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वेळी संस्थानचा कारभार कोणाच्या हाती होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी संस्थानचा कारभार स्वतःकडे घेतला होता, आणि १८६२ च्या तहापर्यंत छत्रपती गादीवर असूनही सत्ता कंपनीच्या, व पुढे राणीच्या, अधिकाऱ्याच्या हाती राहिली. ज्या साली नगरपालिका निघाली, त्याच साली पोलिटिकल सुपरिंटेंडेंट ग्रॅहम याने तयार केलेला कोल्हापूर संस्थानचा सांख्यिकी अहवाल मुंबईस प्रसिद्ध झाला. गावे, माणसे, पिके, वतने यांची मोजदाद करणारा हा जाडजूड ग्रंथ आणि शहराची नगरपालिका ही एकाच राजवटीची अपत्ये होत. शहर मोजावे, स्वच्छ ठेवावे, त्याच्याकडून कर घ्यावा, हे त्या राजवटीचे हेतू होते. शहराला बोलू द्यावे, हा त्यांत नव्हता. तीन वर्षांनी, १८५७ च्या जुलैअखेर, येथील देशी पलटणीने उठाव केला. तो मोडून काढणाऱ्यांना शहराचे बोलणे ऐकण्याची हौस नव्हती हे सांगायला नको.

१८६२ नंतर सत्ता परत आली, पण राजे टिकेनात. पहिल्या राजाराम महाराजांना १८७० मध्ये दूर इटलीत, फ्लॉरेन्सला, मृत्यू आला. त्यांच्यामागून आलेले शिवाजी महाराज आजारी ठरवले गेले व १८८३ मध्ये अहमदनगरला वारले. १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांना अधिकार मिळायला १८९४ साल उजाडले. या सगळ्या काळात कोणी ना कोणी नेमलेला माणूस, वा नेमलेली मंडळी, कारभार पाहत होती. इंग्रजी मुलखात १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्यात एक गोष्ट स्पष्टपणे मांडली : कारभार लगेच सुधारेल म्हणून हे करावयाचे नाही, लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे म्हणून करावयाचे आहे. संस्थानी मुलखाला तो ठराव लागू नव्हता. लागू होता तेथेही पुढच्या नगरपालिका कायद्यांनी अकार्यक्षम नगरपालिका बरखास्त करण्याचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला. शिक्षण द्यायचे, पण विद्यार्थी चुकला तर वर्गच बंद करायचा, असा तो प्रकार होता. स्वातंत्र्यानंतरच्या आमच्या कायद्यांनी हे कलम जसेच्या तसे वारशात घेतले.

शाहू महाराजांचा काळ या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अवघड आहे. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा, शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा हा राजा लोकांच्या बाजूचा होता, याविषयी दुमत नाही. नगरपालिकेचा कारभार त्यांनी भास्करराव जाधवांसारख्या कर्तबगार अधिकाऱ्याकडे सोपवला होता. मूठभर शिकलेल्यांच्या हाती मतदान देऊन काय साधणार, हा त्यांचा प्रश्न त्या काळी बिनतोड होता. तेव्हा मतपेटीतून जे बाहेर पडले असते, ते बहुजनांचे राज्य खचितच नव्हते. परंतु याचा एक दूरचा परिणाम झाला. या शहराच्या मनात चांगल्या कारभाराचे जे चित्र ठसले, ते एका चांगल्या माणसाचे चित्र आहे. घोड्यावरून फेरी मारणारा, तक्रार ऐकून जागच्या जागी हुकूम सोडणारा धनी. सभा, ठराव, बहुमत, विरोधी मत, तहकुबी यांना त्या चित्रात स्थान नाही. पुढे प्रत्येक कडक प्रशासकाकडे कोल्हापूर याच चित्राच्या आशेने पाहत आले, असे आम्हाला वाटते. त्या चित्रातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे असा धनी पिढ्यान्‌पिढ्यांतून एखादाच येतो हा, आपण सोयीने विसरतो.

निवडून आलेल्यांचे राज्य हवे, ही मागणी येथे संघटितपणे उभी राहिली ती १९३९ मध्ये, प्रजा परिषदेच्या रूपाने. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी तुरुंग व भूमिगत जीवन पत्करले. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४७ च्या अखेरीस, संस्थानात लोकनियुक्त म्हणावे असे मंत्रिमंडळ आले. ते जेमतेम काही महिने टिकले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि कोल्हापुरात जाळपोळ उसळली. ब्राह्मणांची घरे-दुकाने जळाली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. त्यानंतर भारत सरकारने कॅप्टन नंजाप्पा या सनदी अधिकाऱ्याला संस्थानचा प्रशासक म्हणून पाठवले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ते प्रशासकाच्याच अमलाखालून. जळणाऱ्या गावात कठोर हात हवा होता, हे नाकारता येणार नाही. पण ज्यासाठी आठ-नऊ वर्षे झगडा झाला, ते जबाबदार राज्य हाती येऊन सरते न सरते तोच पुन्हा नेमलेला कारभारी आला, ही रुखरुख त्या पिढीला लागली नसेल असे म्हणवत नाही. प्रशासक येतो तेव्हा कारण नेहमीच चांगले असते, हे या इतिहासात वारंवार दिसते. बंड, राजाचे अल्पवय, दंगल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात आणखी एक कारण दाखल झाले, आणि ते होते बढतीचे.

१५ डिसेंबर १९७२ रोजी कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली. नगरपालिका संपली आणि महापालिका आली, पण महापालिकेचे सभागृह काही आले नाही. ते आले १९७८ मध्ये. मधल्या काळातील पहिले प्रशासक द्वारकानाथ कपूर यांचे नाव येथील वयस्कर माणसे अजूनही आदराने घेतात. रस्ते मोकळे केले, बागा केल्या, शिस्त लावली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्या आठवणीत तथ्य असणारच. फक्त त्याच काळात आणीबाणीही होती, आणि ज्यांची अतिक्रमणे हटली त्यांनी तक्रार कोणत्या दारी नेली, हे त्या आठवणीत येत नाही. ज्यांच्या घरावर हातोडा पडतो त्यांच्या आठवणी गौरवग्रंथांत जात नाहीत.

हे केवळ कोल्हापूरचे नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची, तिची पहिली निवडणूक १९८६ ची. औरंगाबादची स्थापना १९८२ ची, निवडणूक १९८८ ची. नाशिक १९८२ मध्ये महापालिका झाले, नगरसेवक १९९२ मध्ये आले. कल्याणने तर कमाल केली : १९८३ मध्ये स्थापना आणि १९९५ मध्ये पहिले मतदान, म्हणजे बारा वर्षांचे तप. गावाची बढती झाली की त्याचा आवाज काढून घ्यायचा, ही महाराष्ट्राची जणू रीतच पडली. मुंबईसारख्या जुन्या महापालिकेचे सभागृहही १९८४ मध्ये दूर सारून तेथे वर्षभर प्रशासक बसवला गेला होता.

प्रशासक आल्याने नेमके काय बदलते? रोजचे पाणी येते, कचरा उचलला जातो, दाखले मिळतात. कित्येकदा लवकर मिळतात. म्हणून सामान्य माणसाला फारसा फरक जाणवत नाही. फरक आहे तो रचनेत. महापालिकांसाठी असलेल्या १९४९ च्या कायद्याने सत्ता एका हाती ठेवलेली नाही. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त अशी ती वाटलेली आहे. आयुक्ताने प्रस्ताव आणायचा, स्थायी समितीने खर्च व ठेके तपासायचे, सभेने धोरण ठरवायचे. अंदाजपत्रक आयुक्त मांडतो, समिती त्यात फेरफार करते, सभा मंजूर करते. या व्यवस्थेत गती नाही, वादविवाद पुष्कळ आहेत, आणि स्थायी समितीच्या दालनात काय काय चालते याच्या कथा प्रत्येक शहरात आहेत. तरीही मागणारा एक आणि देणारा दुसरा, एवढे तरी तीत आहे. प्रशासक आला की तिन्ही अधिकार एका सहीत येतात. आयुक्त म्हणून तो अंदाजपत्रक तयार करतो आणि प्रशासक म्हणून स्वतःलाच सादर करून स्वतःच मंजूर करतो. २०२० नंतर डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी, डॉ. कादंबरी बलकवडे, के. मंजुलक्ष्मी असे अधिकारी या खुर्चीवर आले. त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडणे हा आमचा हेतू नाही. उत्तम अधिकारी असला तरी त्याला स्वतःलाच प्रश्न विचारता येत नाही, इतकेच आम्हाला म्हणायचे आहे.

ही स्थिती पुन्हा येऊ नये म्हणूनच ७४ वी घटनादुरुस्ती झाली व १ जून १९९३ पासून अमलात आली. नगरपालिकांची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. बरखास्त केली तर आधी तिचे म्हणणे ऐकावे आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावूनही सांगितले. कोल्हापुरात त्यानंतर २०१० आणि २०१५ च्या निवडणुका वेळेवर झाल्या. बरखास्तीची वाट घटनेने अशी अडवून ठेवली होती. मग सत्तेने दुसरी वाट काढली असे म्हणावे, तर तसेही सरळ नाही. प्रथम करोनाची साथ आली, आणि तेव्हा मतदान पुढे ढकलण्याला कोणी हरकत घेतली नाही. त्याच वर्षी मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ प्रशासक म्हणून नेमण्याचा फतवा राज्य सरकारने काढला. हा योग्य माणूस कोणत्या पक्षाचा असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. उच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयीचा निकाल आला : माहिती गोळा करा, आयोग नेमा, मगच जागा राखा. माहिती तयार नव्हती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. जुलैत बांठिया आयोगाचा अहवाल आला. तोवर सरकार बदलले, प्रभागांचे आकडे बदलले, पुन्हा याचिका झाल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला, आणि मग सगळे थिजले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून फर्मावले. ती मुदतही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

यात खलनायक शोधणाऱ्याची निराशा होईल. एका सरकारने सुरू केलेले दुसऱ्याने निमूटपणे चालू ठेवले. आरक्षणाशिवाय निवडणुका नकोत, हे सर्व पक्षांचे म्हणणे होते, आणि त्यात न्यायाची बाजू होती. ज्या शहरातून १९०२ मध्ये आरक्षणाचा हुकूम निघाला, त्या शहराने ही बाजू हलकी मानू नये. पण परिणाम काय झाला? सत्तावीस टक्के जागांचा वाद मिटेपर्यंत शंभर टक्के जागा रिकाम्या राहिल्या. इतर मागासवर्गीयांच्या, अनुसूचित जातींच्या, आणि निम्म्या राखीव असलेल्या स्त्रियांच्याही. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२० अशा नऊ महिन्यांपुरत्या महापौर झालेल्या निलोफर आजरेकर यांच्यानंतर पाच वर्षे या शहराला महापौरच नव्हता.

त्या पाच वर्षांत शहर थांबले नव्हते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या पुराच्या खुणा भिंतींवरून जाण्याआधी पाणी पुन्हा त्याच घरांत शिरले. पूररेषा, बांधकाम परवाने, नाल्यांवरचे भराव यांविषयी विचारायचे ते या वेळी सभागृहात विचारता येत नव्हते. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने पुईखडीला पोहोचले. तीस-चाळीस वर्षांची मागणी प्रशासकाच्या काळात पुरी झाली हे खरे, तसेच ती योजना सभागृहांच्या काळात मागितली, मंजूर केली व सुरू केली गेली हेही खरे.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून एका दूरच्या गावाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे, मोटारींच्या कारखान्यांमुळे वाढलेले आणि ते बंद पडल्याने दिवाळखोर झालेले शहर आहे. तेथे नगरसभा होती, पण राज्याने आणीबाणी व्यवस्थापक नेमून तिचे अधिकार काढून घेतले होते. या व्यवस्थापकाच्या अमलात एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी जवळच्या नदीतून घेणे सुरू झाले. पाणी नीट प्रक्रिया न करता जुन्या नळांतून गेले आणि त्यात शिसे उतरले. लोक पिवळट पाण्याच्या बाटल्या घेऊन ओरडत होते. मार्च २०१५ मध्ये नगरसभेने जुन्या पाण्याकडे परत जाण्याचा ठराव केला, आणि व्यवस्थापकाने तो धुडकावला. त्याचा हिशेब पैशांचा होता व त्या हिशेबात तो चुकला नव्हता. हजारो मुलांनी ते पाणी प्यायले.

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे, कारण नगरसेवकांची आरती ओवाळण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसे मेली, तेव्हा तेथे निर्वाचित नगरपालिका होती. कोल्हापूरचे रस्ते आयआरबी कंपनीला देऊन तीस वर्षे टोल भरण्याचा करार झाला, तेव्हा येथे सभागृह भरत होते. महापौरपद पक्षांनी आणि गटांनी महिन्यांच्या हप्त्यांत वाटून घेतल्याचे प्रयोगही याच शहराने पाहिले. परंतु टोलच्या वेळी काय घडले ते आठवावे. हा करार कोणी केला, कोणी हात वर केला, कोण गप्प बसले, हे लोकांना ठाऊक होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वृद्ध माणसे रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला. त्या आधीच्या फेब्रुवारीत पानसऱ्यांचा खून झाला होता. ज्याच्याकडे बोट दाखवता येते अशा कारभाऱ्याविरुद्ध लढता येते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याकडे बोट कोठे दाखवणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी खासबाग मैदानालगत बांधलेले, पॅलेस थिएटर म्हणून उघडलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवरावांचे नाव लाभलेले हे नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचे. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कलावंत आणि नाट्यरसिक जळक्या भिंतींपुढे जमले व रडले. आग कशी लागली, विजेच्या तारा कोणी तपासल्या होत्या, आग विझवण्याची साधने होती का, हे प्रश्न लोकांनी रस्त्यावर विचारले आणि वर्तमानपत्रांनी छापले. चौकशी झाली, पुन्हा उभारणीचा निधी जाहीर झाला. हे सारे व्हायला हवे तसे झाले. पण सभागृह असते तर खातेप्रमुखाला उभे राहून उत्तर द्यावे लागले असते, त्याच्या उत्तरावर कोणी ओरडले असते, कोणी सभात्याग केला असता, आणि ते सगळे इतिवृत्तात उतरले असते.

इतिहास लिहिणाऱ्याला या इतिवृत्ताची किंमत कळते. नगरपालिकांच्या जुन्या सभांची कामकाजाची पुस्तके वाचणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यांत दिवाबत्ती, गटारे, बाजाराचा लिलाव, कोणाच्या तरी ओट्यावरचा वाद हेच असते. पण त्यांतच एका गल्लीचे म्हणणे दुसऱ्या गल्लीच्या म्हणण्यासमोर उभे राहते. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, उपसूचना कोणाची, विरोधात किती, हे समजते. हरलेल्या बाजूचे म्हणणेही नोंदले जाते. प्रशासकाच्या काळातून जे मागे राहते ते आदेश. आदेशात निर्णय असतो, तारीख असते, सही असते. तो निघण्यापूर्वी दुसरे काय सुचवले गेले होते, हे त्यात नसते.

इचलकरंजीची नोंद तर आणखी कोरी आहे. २०२२ च्या मध्यास तेथील नगरपालिकेची महापालिका झाली, आणि १५ जानेवारी २०२६ पर्यंत त्या महापालिकेने एकही नगरसेवक पाहिला नव्हता. कोल्हापूरच्या भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये जे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले, त्याला तर निवडणूक हा प्रकारच नाही. त्या गावांतली घरे, रस्ते, शेतांचे होणारे तुकडे यांचे निर्णय तेथे होत आले, आणि हद्दवाढीचा वाद चालू असताना त्या गावांचे लोक आपल्या ग्रामपंचायतीत ठराव करीत राहिले. शंभर वर्षांनी कोणी या वर्षांचा इतिहास लिहायला बसलाच, तर कोल्हापूर शहराविषयी त्याला आदेशांच्या फायली मिळतील. माणसे एकमेकांशी काय भांडत होती, हे मात्र त्या गावांच्या ठरावबुकांत शोधावे लागेल.